पाने वाटून झाल्यावर

‘पानेच आली नाहीत, त्याला मी काय करणार?’ हे वाक्य पत्ते खेळणाऱ्या प्रत्येक मराठी घरात कधी ना कधी ऐकू येते. हरणाऱ्याची ती हक्काची पळवाट असते. पण तिच्यामागे एक जुनी आणि घट्ट समजूत उभी आहे. पत्त्यांचा खेळ हा दैवाचा खेळ, चांगली पाने पडली तो जिंकला आणि वाईट पडली तो हरला, अशी ती समजूत. सभापर्वातल्या द्यूताची सावली आपल्याकडे प्रत्येक पत्त्यावर पडलेली आहे. वस्तुतः फासे आणि पत्ते यांत मूलभूत भेद आहे. फासा पडला की निर्णय लागतो. पाने वाटून झाली की निर्णयांना सुरुवात होते.

प्रस्तुत लेखाचा विषय ब्रिज हा खेळ, आणि त्यातही करार पुरा करू पाहणाऱ्या खेळाडूचे, म्हणजे डिक्लेअररचे, नियोजन हा आहे. साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय का ठेवावा, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: अपुऱ्या पुराव्यावरून विवेकाने अर्थ लावण्याची जी शिस्त आपण वाचनाच्या नावाने शिकवू पाहतो, आणि बहुधा शिकवत नाही, ती या खेळात अत्यंत उघड्या रूपात पाहायला मिळते. शिवाय, त्या शिस्तीचा भंग नेमका कोणत्या ठिकाणी होतो हेही येथे बोट ठेवून दाखवता येते.

आधी दैवाचा मुद्दा निकालात काढू. स्पर्धात्मक ब्रिज ‘डुप्लिकेट’ पद्धतीने खेळला जातो. एका मेजावर वाटलेली पाने जशीच्या तशी जपून दुसऱ्या, तिसऱ्या मेजावर नेली जातात. त्याच पानांवर इतर जोड्यांनी काय केले, त्याच्याशी तुलना करून गुण दिले जातात. म्हणजे वाईट पाने आली तर ती त्या दिशेला बसलेल्या सगळ्यांनाच आली. ‘पानेच आली नाहीत’ ही सबब येथे आपोआप गळून पडते. एकच संहिता दहा वाचकांपुढे ठेवावी आणि कोणी त्यातून किती काढले ते पाहावे, असा हा प्रकार आहे.

कायद्यानेही हा विचार केलेला आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले. पुढे १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातून आलेल्या एका खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे ठरवताना ब्रिजचाच दाखला दिला. पाने पिसून वाटली जातात एवढ्यावरून खेळ दैवाधीन ठरत नाही. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते पान धरावे, कोणते टाकावे हे ठरवावे लागते, असा त्या विवेचनाचा आशय होता. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि प्रणब बर्धन व शिवनाथ सरकार या बंगाली जोडीने सुवर्णपदक मिळवले, तेव्हा ‘पत्त्यांना खेळ म्हणायचे का’ हा प्रश्न आपल्याकडेही कुतूहलाने, काहीसा उपहासानेही, विचारला गेला. २०२३ मध्ये हांगझौ येथे भारतीय पुरुष संघाला रौप्यपदक मिळाले. मुंबईचे जग्गी शिवदासानी आणि अजय प्रभाकर खरे हे त्या संघात होते. त्या पदकाची चर्चा आपल्या वाङ्मयीन वर्तुळात झाली नाही, आणि व्हायला हवी होती असेही नाही. परंतु बुद्धीच्या एका शिस्तीची दखल घेण्यासारखी होती.

आता शब्दांविषयी. मराठीचा अध्यापक म्हणून मला या विषयात पहिल्यांदा खटकते ते हे की, ब्रिजविषयी बोलू लागताच आपण इंग्रजीत शिरतो, जणू हा खेळ आपल्या भाषेला पेलणारच नाही. परिस्थिती नेमकी उलट आहे. आमच्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली वर्तुळ करून बसलेले कामगार मेंढीकोट खेळतात तेव्हा उतारी, भिडू, हुकूम, हात, कापणे, पान उतरवणे, पान दाबून ठेवणे हे सगळे शब्द सहज वावरत असतात. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकी तेरा पाने, रंगाला रंग देण्याची सक्ती, रंग नसेल तर हुकूम मारण्याची मुभा: मेंढीकोटचा हा सांगाडा ब्रिजचाही आहे. चारही दश्श्या, म्हणजे मेंढ्या, पकडण्याच्या नादात ‘कोणती पाने गेली, कोणती राहिली’ याचा हिशेब तेथेही चाललेला असतो. त्याहून मागे जायचे तर सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा घ्या. दहा रंगांच्या १२० गोल पानांचा तो खेळही हात करण्याचाच, आणि त्यातही पडलेल्या पानांची स्मृती हेच खेळाडूचे भांडवल. तेव्हा ब्रिजसाठी मराठी शब्द घडवण्याची फारशी गरज नाही, आहेत ते वापरायचे आहेत. ज्या दोन कल्पनांवर हा लेख उभा आहे त्यांपैकी ‘फिनेस’ हा शब्द मी तसाच ठेवतो. ‘स्क्वीझ’साठी मात्र मराठीत ‘कोंडी’ हा अचूक शब्द आधीच आहे.

ब्रिज न खेळणाऱ्या वाचकांसाठी चार वाक्यांत रचना सांगतो. पाने वाटल्यावर बोली होते. आपली बाजू तेरांपैकी किती हात करील आणि हुकूम कोणता असेल, याचे जाहीर वचन म्हणजे करार. ‘चार इस्पिक’ या कराराचा अर्थ, इस्पिक हुकूम आणि सहावर चार असे दहा हात करणे. करार घेणारा तो डिक्लेअरर. त्याच्या भिडूची पाने पहिल्या उतारीनंतर मेजावर उघडी मांडली जातात, त्यांना डमी म्हणतात. म्हणजे डिक्लेअररला सव्वीस पाने दिसतात आणि सव्वीस दिसत नाहीत. बोलीसाठी पानांचे मोल सर्वसाधारणपणे असे धरतात: एक्का चार गुण, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक, एकूण चाळीस.

उतारी झाली, डमी उघडली, आणि येथेच पहिली परीक्षा होते. नवशिक्या खेळाडू लगेच डमीतून पान टाकतो. जाणता थांबतो. आपले खात्रीचे हात किती, बुडणारे किती, करारासाठी आणखी किती हवेत आणि ते कोठून येऊ शकतील, याची मोजणी तो पहिले पान टाकण्यापूर्वी करतो. तेरा पानांचा एक हात ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६०० प्रकारे येऊ शकतो, तेव्हा पाठांतराचा येथे उपयोग नाही. पण काही गोष्टी मात्र माहीत असाव्या लागतात. एखाद्या रंगाची पाच पाने विरोधकांकडे असतील तर ती तीन-दोन अशी विभागलेली असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के आहे. सहा पाने असतील तर आपल्याला वाटते ती तीन-तीन असतील. प्रत्यक्षात ती शक्यता सुमारे ३६ टक्केच, आणि चार-दोन असण्याची ४८ टक्के. सममिती ही आपल्या मनाची आवड आहे, पानांची नव्हे.

फिनेस ही डिक्लेअररची सर्वांत परिचित चाल. डमीत एक्का आणि राणी आहे, राजा बाहेर आहे. आपण हातातून त्या रंगाचे लहान पान खेळतो. डमीच्या आधी खेळणाऱ्या, पश्चिमेच्या विरोधकाकडे राजा असेल तर त्याची पंचाईत होते. त्याने राजा टाकला तर एक्क्याखाली जातो, न टाकला तर डमीची राणी हात करते. राजा डमीनंतर खेळणाऱ्या पूर्वेकडे असेल तर मात्र राणी जाते. म्हणजे बरोबर निम्मी शक्यता. चाल सोपी, डौलदार आणि तत्काळ फळ देणारी आहे. म्हणूनच ती मोहात पाडते. फिनेस दिसला की तो घेतलाच पाहिजे असे वाटू लागते, आणि फसला की ‘राजा उलट्या बाजूला होता’ असे म्हणून पुन्हा दैवाकडे बोट दाखवता येते. येथे एक प्रत्यक्ष डाव पाहू. तो मी उदाहरणासाठी रचला आहे, परंतु अशा प्रकारची स्थिती ब्रिजमध्ये नित्याची आहे.

उत्तर (डमी): इस्पिक ८, ५; बदाम गुलाम, ८, ५; चौकट ७, ५, ४, २; किलवर एक्का, राणी, ६, ३.

दक्षिण (डिक्लेअरर): इस्पिक एक्का, राजा, राणी, १०, ९, ४, बदाम १०, ६, ३, चौकट एक्का, राजा, ९, किलवर २.

पाने पश्चिमेने वाटली होती, म्हणून बोलीचा पहिला मान त्याचा. तो ‘पास’ म्हणाला. पुढे दक्षिणेने चार इस्पिकांचा करार घेतला. पश्चिमेने बदामचा एक्का, राजा आणि राणी असे पहिले तीन हात ओळीने घेतले. तिन्ही वेळा सर्वांनी रंग दिला. चौथ्या हाताला त्याने हुकमाचे लहान पान उतरवले.

आता डिक्लेअररला उरलेले दहाच्या दहा हात हवे आहेत. मोजणी करू: हुकमाचे सहा, चौकटचे दोन, किलवरचा एक्का, एकूण नऊ. दहावा कोठून आणायचा? किलवरच्या एक्का-राणीकडे पाहताच उत्तर सुचते: फिनेस. पश्चिमेकडे राजा असेल तर करार पुरा, नसेल तर एका हाताने बुडाला. पन्नास टक्के.

पण हे पन्नास टक्के कोणाचे? ज्याने काहीच ऐकले नाही, त्याचे. डिक्लेअरर चौथा हात नव्वीने घेतो आणि हुकूम ओढत जातो. दुसऱ्या फेरीत पश्चिमेकडून इस्पिकचा गुलाम पडतो. आता हिशेब पाहा. पश्चिमेने बदामचे एक्का, राजा, राणी दाखवले, म्हणजे नऊ गुण. इस्पिकचा गुलाम धरून दहा. त्याच्याकडे किलवरचा राजाही असता तर तेरा गुण झाले असते, आणि तेरा गुण हातात असलेला खेळाडू पहिल्या बोलीला पास म्हणत नाही. तो पास म्हणाला होता. म्हणून किलवरचा राजा पश्चिमेकडे नाही. तो पूर्वेकडे आहे. जो फिनेस क्षणापूर्वी पन्नास टक्क्यांचा दिसत होता तो आता जवळजवळ शून्यावर आला. पानांत काहीही बदल झालेला नाही. बदलले आहे ते आपले वाचन.

हा तर्क आपल्या परंपरेला अनोळखी नाही. मीमांसकांचा लठ्ठ देवदत्त आठवावा. तो दिवसा जेवत नाही, तरीही लठ्ठ आहे. तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. यालाच अर्थापत्ती म्हणतात. मीमांसकांनी, विशेषतः भाट्टांनी, अनुपलब्धी हेही स्वतंत्र प्रमाण मानले: एखादी गोष्ट जेथे असती तर दिसलीच असती तेथे ती न दिसणे, हेदेखील ज्ञान आहे. पश्चिमेचा ‘पास’ हे अनुपलब्धीचे नमुनेदार उदाहरण आहे. काव्यशास्त्र शिकवताना आपण ध्वनी आणि अनुमान यांचा वाद शिकवतो, ध्वनीचा अंतर्भाव अनुमानात करू पाहणाऱ्या महिमभट्टाचे नाव परीक्षेपुरते सांगतो. पण न उच्चारलेल्या शब्दावरून काय कळते आणि ते किती खात्रीने कळते, याचा सराव विद्यार्थ्याला आपण क्वचितच देतो.

फिनेस गेला. मग दहावा हात? येथे कोंडी येते. डिक्लेअररच्या चौकटच्या नव्वीकडे आतापर्यंत कोणाचे लक्ष गेलेले नाही. एक्का-राजा खेळून झाल्यावर तिला मारू शकणारे पान एकाच विरोधकाकडे उरले असेल, आणि तो विरोधक किलवरचा राजा धरून बसलेला पूर्वच असेल, तर त्याच्यावर दोन रंग राखण्याची जबाबदारी पडते. डिक्लेअरर चौकटचे एक्का व राजा खेळून घेतो आणि मग उरलेले हुकूम एकामागून एक खेळू लागतो. विरोधकांकडे हुकूम उरलेला नाही, कापायला काही नाही, तरीही. ‘हुकूम जपून ठेवावा’ या आपल्या घरगुती शहाणपणाला ही चाल वेडेपणाची वाटेल. पण प्रत्येक हुकमागणिक पूर्वेला एक पान टाकावे लागत आहे. शेवटचा हुकूम खेळण्याच्या क्षणी दक्षिणेकडे तो हुकूम, चौकटची नव्वी आणि किलवरची दुर्री आहे. डमीत किलवरचे एक्का-राणी आणि चौकटची निरुपयोगी सत्ती आहे. पूर्वेकडे तीन पाने: चौकटची राणी, किलवरचे राजा आणि गुलाम. शेवटचा हुकूम पडतो, डमीतून चौकटची सत्ती जाते, आणि पूर्वेला यांतले एक पान टाकलेच पाहिजे. चौकटची राणी टाकली तर नव्वी मोठी होते. किलवरचा गुलाम टाकला तर राजा एकटा उरतो, एक्क्याखाली पडतो आणि डमीची राणी हात करते. दोन्ही वाटांनी दहावा हात मिळतो. पूर्वेने चूक केली नाही. करण्यासारखे बरोबर काही त्याच्यापाशी उरलेच नव्हते.

दोन गोष्टी येथे नोंदवल्या पाहिजेत. एक, चौकटचे पहारेकरी पान पश्चिमेकडे असते तर ही कोंडी साधली नसती. डिक्लेअरर सर्वज्ञ नाही. पण फिनेस तर फसणारच होता. तेव्हा ज्या मांडणीत करार पुरा होऊ शकतो ती मांडणी गृहीत धरून खेळणे एवढेच विवेकाला शक्य होते, आणि त्याने ते केले. दुसरी गोष्ट, पश्चिमेने चौथ्या हाताला हुकमाऐवजी किलवर उतरवले असते तर डमीतला एक्का अवेळी बाहेर पडला असता, राणीपर्यंत पोहोचण्याची वाट तुटली असती आणि कोंडी होण्याआधीच मोडली असती. विरोधकही वाचतच असतात. अर्थ लावणारा एकटा नसतो, ही जाणीव या खेळात क्षणभरही सुटत नाही.

कोंडीचे हे शास्त्र एका गणिताच्या प्राध्यापकाने व्यवस्थित बांधून दिले. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील क्लाइड लव्ह यांचे या एकाच विषयावरचे पुस्तक १९५९ साली प्रसिद्ध झाले. कोंडीसाठी चार अटी लागतात, असे त्यांनी दाखवले: एकाच विरोधकावर दोन रंगांचा भार हवा, एक सोडून उरलेले सर्व हात आपल्या खात्रीचे हवेत, निदान एक धमकीचे पान त्या विरोधकानंतर खेळणाऱ्या हातात हवे, आणि मोठ्या झालेल्या पानापर्यंत पोहोचण्याची वाट उघडी हवी. आमच्या डावात पश्चिमेने पहिले तीन हात घेऊन टाकले, त्यामुळे दुसरी अट आपोआप पुरी झाली. गमावायचे हात आधीच गमावून ठेवणे हा कोंडीचा भाग आहे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते.

साहित्याच्या वाचकांना मात्र दुसरे एक नाव अधिक जवळचे वाटेल. त्याच वर्षी, १९५९ मध्ये, हंगेरियन लेखक गेझा ऑटलिक यांची सैनिकी शाळेतील मुलांवरची कादंबरी प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकातील हंगेरियन गद्याच्या महत्त्वाच्या कृतींमध्ये तिची गणना होते. हेच ऑटलिक, ह्यू केल्सी या स्कॉटिश लेखकासह, १९७९ च्या ‘ॲडव्हेंचर्स इन कार्ड प्ले’ या ग्रंथाचे कर्ते. ब्रिजमधील सर्वांत अवघड कोंड्यांचा विचार करणारे हे पुस्तक जाणकारांतही कठीण म्हणून ओळखले जाते. ऑटलिक यांचे शिक्षण गणित आणि भौतिकशास्त्राचे होते. कादंबरी आणि पत्ते हे त्यांचे दोन स्वतंत्र छंद होते असे कोणी म्हणू शकेल. मला तसे वाटत नाही. माणसे मर्यादित माहितीवर निर्णय घेतात, काही गोष्टी शेवटपर्यंत धरून ठेवतात आणि मग त्यांतली एक सोडण्याची वेळ येते, ही दोन्हीकडची सामग्री एकच आहे.

कोंडीला आपल्या वाङ्मयात फार जुने नाव आहे: धर्मसंकट. कृष्णाने जन्मरहस्य सांगितल्यानंतरचा उद्योगपर्वातला कर्ण घ्या. एका हाती रक्ताचे नाते, दुसऱ्या हाती दुर्योधनाशी असलेली निष्ठा. दोन्ही पाने ‘कामाची’ आहेत, एकही फालतू नाही, आणि वेळ अशी की एक टाकल्यावाचून गत्यंतर नाही. शोकात्म नाटकाची रचना पाहिली तर तीत नायकाच्या हातातली निरुपयोगी पाने आधीच्या अंकांत एकेक करून काढून घेतलेली असतात. सुटकेच्या वाटा, तडजोडी, मध्यस्थ, सगळे संपते. मग शेवटचे पान पडते. म्हणूनच सामान्य नाटककार आणि समर्थ नाटककार यांतला फरक शेवटच्या अंकात दिसला तरी तो घडतो पहिल्या-दुसऱ्या अंकात. पेच ‘आणणे’ आणि पेच ‘होऊ देणे’ यांत पूर्वतयारीचे अंतर असते.

या तुलनेवर एक गंभीर आक्षेप घेता येईल, आणि तो घ्यायला हवा. पत्त्यांत किलवरचा राजा कोठेतरी असतोच. डाव संपल्यावर बावन्न पाने उघडी होतात आणि कोणाचे अनुमान बरोबर होते ते निर्विवाद कळते. कवितेत असा पालथा ठेवलेला राजा नसतो. तिचा अर्थ शेवटी उघडा होत नाही, तो एकच असतो असेही नाही. वाचनाला डिक्लेअररच्या खेळाचे रूप देणे म्हणजे कवितेचे कोडे करणे नव्हे काय? हा आक्षेप मला मान्य आहे. अर्थाच्या एकमेवतेबद्दल ब्रिज आपल्याला काहीही शिकवू शकत नाही. पण अर्थाकडे जाण्याच्या पद्धतीबद्दल शिकवू शकतो. अर्थ अनेक असू शकतात, म्हणून प्रत्येक अर्थ सारखाच समर्थनीय होतो असे नाही. जे वाचन संहितेतली अधिक पाने हिशेबात घेते ते कमी पाने घेणाऱ्या वाचनापेक्षा श्रेष्ठ ठरते, एवढे तर अनेकार्थतेचा कट्टर पुरस्कर्ताही मान्य करील.

आणि आपल्या वर्गांत नेमके काय चालते? कविता फळ्यावर येते आणि दुसऱ्या मिनिटाला ‘ही सामाजिक जाणिवेची कविता आहे’, ‘ही अस्तित्ववादी आहे’, ‘ही स्त्रीवादी आहे’ असा फिनेस घेतला जातो. निम्म्या वेळा तो लागतोही, आणि लागतो म्हणूनच सवय मोडत नाही. कवितेत कोणता शब्द तीनदा आला, कोणता अपेक्षित शब्द एकदाही आला नाही, निवेदक कोणत्या ठिकाणी गप्प राहिला, याची मोजणी करण्याआधीच राणी पुढे केलेली असते. गाईड नावाच्या पुस्तकाने विद्यार्थ्याला दुसऱ्याने घेतलेल्या फिनेसचा निकाल तयार मिळतो. त्याला स्वतः उतारीपुढे थांबण्याची पाळीच येत नाही. यात दोष विद्यार्थ्यांचा कमी आहे. तासाला साठ-साठ मुले, सत्राच्या अखेरीस संपवायचा अभ्यासक्रम, आणि उत्तराला नेमून दिलेले गुण. या व्यवस्थेत थांबणारा मागे पडतो. तरीही व्यवस्थेकडे बोट दाखवून ‘पानेच आली नाहीत’ म्हणणे हे आपणा अध्यापकांना शोभत नाही. तीच पाने इतर मेजांवरही वाटली गेलेली आहेत.

ज्या मुलांना आम्ही शिकवतो त्यांच्यातल्या अनेकांचे वडील वा भाऊ जालना रस्त्यावरच्या कारखान्यांत पाळीवर जातात. ‘अजून दोन मेंढ्या बाहेर आहेत, हुकूम आत्ताच मारू नको’ हे वाक्य त्या घरांतल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. निर्णय लांबवणे म्हणजे निर्णय टाळणे नव्हे, समोरचा बोलेपर्यंत आपले पान दाबून ठेवण्यात शहाणपण आहे, हे त्यांना खेळात ठाऊक असते. वर्गात आल्यावर ते ज्ञान दाराबाहेर ठेवावे लागते, कारण पत्ते हे व्यसन आणि कविता हा संस्कार, अशी आपली वाटणी आहे. ही वाटणी सोडून देता आली, तर विद्यार्थ्याच्या हाती आधीपासून असलेली एक मोठी शिस्त वाचनाच्या कामी येईल. ब्रिज महाविद्यालयांत शिकवावा असा माझा आग्रह नाही. तो शिकवला गेला तर त्याचेही गाईड निघेल.

माझा आग्रह एवढाच आहे की, फिनेस ही शेवटची चाल समजली जावी. आधी मोजणी, मग ऐकणे, मग जी पाने गमावायचीच आहेत ती बिनतक्रार गमावणे, मग कोंडी साधते का ते पाहणे, आणि हे सगळे करूनही काही उरले नाही तरच पन्नास टक्क्यांवर हात टाकणे. तेव्हा तो फसला तरी त्यात लाज नाही. मात्र पहिल्याच हाताला घेतलेला फिनेस यशस्वी झाला, तरी त्याला वाचन म्हणता येणार नाही.